दोन इंजिनं, दोन बॅटऱ्या, तरी सेल्फ लागेना : गोसीखुर्दच्या फुगवट्यावरच्या एका जुन्या बोटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्द धरण आहे. २२ एप्रिल १९८८ ला भूमिपूजन झालं, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, भिंतीला ३३ दरवाजे आहेत. पाणी अडलं तसा फुगवटा नदीच्या दोन्ही अंगांनी शेतांत, नाल्यांत आणि उठून गेलेल्या गावांच्या पांढरीत शिरला. बुडालेल्या झाडांची वाळकी खोडं त्या पाण्यात अजून उभी आहेत. उन्हाळ्यात ती दिसतात. पावसाळ्यात पाणी चढलं की हातभर खाली लपतात.

या काठावरच्या एका मच्छीमार सहकारी संस्थेने पाण्यात पिंजरे टाकून तिलापिया आणि पंगास वाढवायला घेतले. पिंजरे काठापासून बोटीने चाळीसेक मिनिटांवर आहेत. तिथे रात्रीची राखण लागते. चोरीची भीती असतेच. शिवाय नाग नदीचं सांडपाणी कन्हानमार्गे याच पाण्यात येतं. वारा पडलेल्या ढगाळ रात्री पाण्यातला प्राणवायू उतरला की मासे वर येऊन तोंड उघडू लागतात, आणि तेव्हा धावपळ करायला तिथे माणूस हजर असावा लागतो.

राखणीसाठी संस्थेने कोकण किनाऱ्यावरून एक जुनी फायबरची बोट आणली. लांबी ३० फूट, वय वीसच्या आसपास, आत दोन डिझेल इंजिनं, दोन शाफ्ट, आणि शाफ्टच्या टोकाला पाण्यात फिरून बोट ढकलणारे दोन पंखे. दोन इंजिनांचा आग्रह जुन्या ढिवर मंडळींचा होता आणि तो बरोबरच होता. या पाण्यात इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, फार आहे. एका पंख्यात तो गुंतला तर दुसऱ्या इंजिनावर काठ गाठता येतो.

माझं तालुक्याच्या गावी ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ट्रॅक्टर, ट्रक, मळणीयंत्रं, घरोघरचे इन्व्हर्टर अशी कामं करतो. बोटीचं काम त्याआधी केलं नव्हतं. संस्थेने बोलावलं ते बॅटऱ्या बदलून द्यायला. संस्था आणि माणसं यांची नावं इथे दिलेली नाहीत. आकडे माझ्या वहीतले आहेत.

अडचण

२०२२ च्या जुलैत एका पहाटे दोघं राखणदार बोटीवर होते. वारा सुटला, लंगर घसरू लागला. चालक काकांनी डावं इंजिन सुरू करायला किल्ली फिरवली तर सेल्फने, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरने, नुसता खट् आवाज दिला. उजव्याचीही तीच गत. बोट वाऱ्याने खोडांमध्ये गेली आणि एक खोड बाजूच्या फायबरला भिडून तडा गेला. तडा पाण्याच्या रेषेच्या वर होता म्हणून दोघं सुखरूप परत आले. सकाळी दुसऱ्या डोंग्याने त्यांना ओढून आणलं.

मी गेलो तेव्हा समितीचं मत ठरलेलं होतं. सचिवांचं म्हणणं असं की बॅटऱ्या जुन्या झाल्या, १०० ॲम्पिअर-तासांच्या दोन आहेत त्या काढा आणि १८० च्या दोन टाका. पैसे मंजूर होते. त्याच दिवशी बॅटऱ्या विकून मी मोकळा होऊ शकलो असतो. ट्रॅक्टरवर मी अनेकदा तेच केलं आहे, कारण ट्रॅक्टर शेतात बंद पडला तर चार माणसं धक्का मारतात. इथे दोन जीव अंधारात पाण्यावर होते. म्हणून मी एक दिवस मागून घेतला.

त्या दिवशी सगळ्यात मोलाची गोष्ट मला मीटरने नाही, चालक काकांनी सांगितली. ते म्हणाले, "मिस्त्रीभाऊ, डाव्या इंजिनचा सेल्फ मारला का रेसची केबल हाताले गरम लागते जी. काहून लागते?"

मी केबलीचं प्लास्टिक पाहिलं. इंजिनाजवळ ते मऊ पडून सुरकुतलं होतं. रेसची केबल म्हणजे डिझेल पंपाचा दांडा ओढणारी पोलादी तार. तिचा विजेशी काही संबंध नसतो. ती गरम होत असेल तर तिच्यातून करंट जातो आहे, दुसरं कारण असूच शकत नाही.

मोजमाप

आधी दोन्ही बॅटऱ्या सोडवून रात्रभर चार्ज केल्या. विश्रांतीनंतर १२.५ व्होल्ट दाखवत होत्या. शिसं-आम्लाची चांगली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, निम्मी उतरलेली १२.२ च्या आसपास. म्हणजे थकलेल्या होत्या, पण मेलेल्या नव्हत्या.

मग डाव्या इंजिनाचा सेल्फ मारायला लावला आणि चार ठिकाणी मोजलं. करंट सुमारे १८० ॲम्पिअर. बॅटरीच्या टर्मिनलवर १०.६ व्होल्ट, सेल्फच्या टोकाला आणि बॉडीला मिळून ८.९. मधले १.७ व्होल्ट वाटेतच जात होते. त्यांतले ०.५ पॉझिटिव्ह बाजूला आणि १.२ निगेटिव्ह बाजूला.

निगेटिव्ह बाजू कोणी मोजत नाही. माझ्याही दुकानात पोरं पॉझिटिव्हची वायर, सोलेनॉइड, खटका पाहतात आणि 'बॉडी आहेच' म्हणून पुढे जातात. पण सेल्फला जाणारा प्रत्येक ॲम्पिअर बॅटरीकडे परत यावा लागतो. ट्रॅक्टरची बॉडी लोखंडाची असते, तिथे परतीची वाट रुंद असते. फायबरच्या बोटीत बॉडी नावाची गोष्टच नाही. दोन इंजिनं म्हणजे प्लास्टिकच्या टबात ठेवलेली लोखंडाची दोन वेगळी बेटं.

फळ्या उचलून वाट शोधत गेलो. बॅटरीची निगेटिव्ह जाड वायर फक्त उजव्या इंजिनाला होती. डाव्याची स्वतःची निगेटिव्ह कधीतरी तुटली असावी, कारण त्याच्या ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या लोखंडी धडावर, रिकामा बोल्ट गंजून बसला होता. कोणीतरी सोय म्हणून दोन्ही इंजिनांच्या ब्लॉकमध्ये ६ चौ.मिमी ची साधी वायर टाकली होती. डाव्या सेल्फचा सगळा करंट त्या बारक्या वायरीतून उजव्या इंजिनावर आणि तिथून बॅटरीला जात होता. वायरीच्या टोकाचं एक थिंबल, म्हणजे बोल्टात अडकवायची धातूची कडी, सैल होतं. ते सैल पडलं की करंट दुसरी वाट धरायचा : डाव्या ब्लॉकवरून रेसच्या आणि गिअरच्या केबलीतून वर सुकाणूजवळच्या लोखंडी दांड्यांपर्यंत, आणि तिथून उजव्या इंजिनाच्या केबलींतून खाली.

हे ताडून पाहायला डाव्या रेसच्या केबलीवर क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर, लावला. सेल्फ मारताना १४ ॲम्पिअर. थिंबल हाताने हलवलं तर ४० च्या वर, आणि सेल्फ कण्हू लागला. 'कधी लागते, कधी नाही' या तक्रारीचं कोडं तिथेच सुटलं. दुसरं असं की वितळलेली रेसची केबल भर पाण्यात अडकून बसली असती तर इंजिन सुरू असूनही बोट हातात राहिली नसती.

दोन इंजिनांच्या बोटीसाठी अमेरिकेतल्या एबीवायसी या बोट-मानक संस्थेच्या नियमांत हेच सांगितलं आहे : दोन्ही सेल्फ बॉडीवर निगेटिव्ह घेत असतील तर दोन्ही इंजिनं एकमेकांना इतक्या जाड वायरीने जोडा की ती सेल्फचा पूर्ण करंट सोसू शकेल. हा नियम मला काम संपल्यावर वाचायला मिळाला. आधी मिळाला असता तर अर्धा दिवस वाचला असता.

राहिला प्रश्न उजव्या इंजिनाचा. त्याची निगेटिव्ह तर थेट होती. ते का मुकं झालं? त्याचं उत्तर खटक्यात होतं. बोटीवर १, २, दोन्ही आणि बंद असा फिरता खटका होता. तो कायम 'दोन्ही'वर असायचा. रात्रभर वाऱ्याचे पंखे, दिवे, गाण्याचा डेक दोन्ही बॅटऱ्यांतून एकदमच खात. सकाळी दोन्ही सारख्याच उतरलेल्या. दोन बॅटऱ्या असूनही बोटीला राखीव अशी एकही नव्हती.

रात्रीचा खर्च

बॅटरी किती मोठी हवी हे अंदाजाने ठरत नाही. संध्याकाळी ७ ते पहाटे ६ चा हिशेब राखणदारांजवळ बसून मांडला. एक ॲम्पिअर तासभर ओढला की एक ॲम्पिअर-तास खर्च होतो.

लंगरावरचा पांढरा दिवा : ३ ॲम्पिअर-तास
आतले दोन दिवे, चार तास : ३
वाऱ्याचे दोन पंखे, प्रत्येकी २ ॲम्पिअर, नऊ तास : ३६
जुना १०० वॅटचा हॅलोजन शोधदिवा, सुटासुटा मिळून एक तास : ८
डेक, तीन तास : ६
मोबाइल आणि वॉकीटॉकी : ७
तळातलं पाणी काढणारा बिल्ज पंप, अर्धा तास : २

बेरीज ६५. कागदावर दोन बॅटऱ्यांचे २०० ॲम्पिअर-तास होतात, पण त्या ट्रकच्या सेल्फसाठी बनवलेल्या होत्या. त्यांच्या पट्ट्या पातळ आणि पुष्कळ असतात. क्षणभर शेकडो ॲम्पिअर द्यायला त्या उत्तम, पण रोज रात्री खोलवर उतरवल्या तर वर्षा-दीड वर्षात त्यांची ताकद निम्म्यावर येते. त्या थकलेल्या क्षमतेतून ६५ काढले तर सकाळी दोन सेल्फ मारायला काय उरणार?

बेरजेतला निम्म्याहून मोठा आकडा पंख्यांचा होता. पंखे बंद करा म्हणणं सोपं आहे, पण पावसाळ्याच्या उकाड्यात, डासांत माणूस पंख्याशिवाय रात्र काढू शकत नाही. तो झोपला नाही तर पहाटे बोट नीट चालवणार नाही. पंखे ठेवायचेच ठरलं, फक्त ब्रशलेस मोटरचे घेतले. ते एक ॲम्पिअरवर तेवढाच वारा देतात. शोधदिवा एलईडीचा केला. बेरीज ६५ वरून ४१-४२ वर आली. नव्या बॅटरीइतकंच काम या दोन वस्तूंनी केलं आणि खर्च तिच्या मानाने किरकोळ.

समोरचे पर्याय

समितीचा पर्याय, दोन मोठ्या बॅटऱ्या आणि बाकी सगळं तसंच, मी पहिल्या बैठकीतच नको म्हटला. निगेटिव्हची वाट तीच राहिली असती आणि मोठ्या बॅटरीने रेसच्या केबलीतून जास्तच करंट ढकलला असता.

दुसरा पर्याय चालक काकांचा : खटका नीट वापरायचा. रात्री १ वर, सकाळी २ वर. यात नवीन काही घ्यायचं नव्हतं. मला भीती वाटली ती माणसाच्या विसरण्याची. पहाटे वाऱ्यात, झोपेतून उठून, कोणी एकदा विसरला की झालं. त्यातून इंजिन चालू असताना खटका 'बंद'वरून फिरला तर अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राला, बॅटरी दिसेनाशी होते, व्होल्टेज उसळतं आणि डायोड जातात. काका यावर नाराज झाले. वीस वर्षं नाव चालवणाऱ्या माणसाला विसरण्याची भीती सांगणं अवघडच होतं. मी म्हटलं, "काका, तुम्ही नाही विसरणार. तुम्ही सुटीवर असाल तेव्हाचा पोरगा विसरेल." तेव्हा त्यांनी मान डोलावली.

तिसरा डायोडचा विभाजक, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देऊन दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा. साधा, न बिघडणारा. पण डायोड स्वतः अर्ध्या व्होल्टाहून जास्त खातो. तेवढं कमी पोचलं तर शिसं-आम्लाची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही आणि पट्ट्यांवर सल्फेट बसतं.

चौथा लिथियमचा. सचिवांच्या पुतण्याने तो सुचवला आणि त्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. लिथियम आयर्न फॉस्फेट वजनाला हलकी, खोल उतरवली तरी चालते. अडचण या बोटीची होती. रिकामी लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते. जुने ५५ ॲम्पिअरचे अल्टरनेटर गरम इंजिनाशेजारी तेवढं सतत देऊ शकत नाहीत, ते जळतात. मध्ये डीसी-ते-डीसी चार्जर टाकावा लागतो आणि खर्च दुपटीवर जातो. मे महिन्यात इंजिनाच्या खोलीत मी ५६ अंश मोजले आहेत. त्या गरमीत ती बॅटरी ठेवायला मन धजेना. पुढे कधी जागा आणि पैसा दोन्ही निघाले तर हा पर्याय मी पुन्हा उघडेन.

ठरलं ते असं : प्रत्येक इंजिनाला स्वतःची सेल्फची बॅटरी, जिला रात्रीचा एकही दिवा जोडलेला नाही. रात्रीच्या खर्चाला वेगळी १५० ॲम्पिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी, आपल्याकडे घरच्या इन्व्हर्टरला असते तीच. ४२ चा खर्च म्हणजे ती रोज तिसऱ्या हिश्श्याहून कमी उतरणार. उजव्या इंजिनाची बॅटरी आणि रात्रीची बॅटरी यांच्यात व्होल्टेज पाहून जोडणारा रिले. तो १३.३ च्या वर, म्हणजे अल्टरनेटर चालू असतानाच, दोघींना जोडतो आणि १२.८ वर सोडून देतो. माणसाने काही लक्षात ठेवायला नको. टपावर २०० वॅटचं सोलर. उन्हाळी दिवसाला त्यातून पन्नासेक ॲम्पिअर-तास मिळतात, पावसाळ्यात निम्मेही नाहीत. दोन्ही सेल्फच्या बॅटऱ्यांमध्ये संकटापुरता एक जोडखटका, लाल झाकणाखाली.

काम

पहिला पैसा वायरीवर गेला. समितीला ते पटायला दोन बैठका लागल्या. बॅटरी दिसते, वायर फळीखाली जाते. मी जुन्या वायरीचा एक तुकडा सोलून टेबलावर ठेवला. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने तांबं आत वीतभर काळं-हिरवं झालेलं होतं. ते हातात घेतल्यावर पुढे कोणी वाद घातला नाही.

सेल्फसाठी ५० चौ.मिमी ची बारीक तारांची वायर ठरवली. जाण्या-येण्याची लांबी ६ मीटर धरली तर १८० ॲम्पिअरला घट ०.३७ व्होल्ट येते. घरातली एकसंध तार इंजिनाच्या थरथरीने थिंबलाजवळ तुटते, म्हणून ती कुठेच वापरली नाही. टिन चढवलेल्या तांब्याची वायर मुंबईहून मागवावी लागली.

त्याआधी एका दुकानातून स्वस्तात आणलेल्या वायरीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण यात कोणीही फसू शकतं. ५० चौ.मिमी च्या एका मीटरमध्ये निव्वळ तांबंच साधारण ४४५ ग्रॅम भरतं, वरचं प्लास्टिक वेगळं. आणलेल्या वायरीचा एक मीटर तुकडा संस्थेच्या मासे तोलायच्या काट्यावर ठेवला. प्लास्टिकसकट २६० ग्रॅम! तार चाकूने खरवडली तर आत पांढरं ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. वायर परत केली. तेव्हापासून माझ्या दुकानात वायर तोलूनच घेतो.

दोन्ही इंजिनांना थेट निगेटिव्ह दिली आणि वर दोन ब्लॉकमध्ये तेवढ्याच जाडीची जोडवायर टाकली. एक निगेटिव्ह पुन्हा कधी तुटली तरी करंट केबलीकडे वळणार नाही. थिंबलं हायड्रॉलिक क्रिम्पिंगने दाबली, वर आतून गोंद असलेली स्लीव्ह तापवून बसवली.

रात्रीच्या बॅटरीचा मुख्य फ्यूज टर्मिनलपासून वीतभराच्या आत बसवला. एका सदस्याचं म्हणणं होतं की पॅनलवर फ्यूज आहेतच, हा कशाला. पण बॅटरी ते पॅनल ही चार मीटर वायर फळ्यांखालून, इंजिनाजवळून जाते. तिथे ती कुठे घासली आणि उघडी पडली तर बॅटरी हजारावर ॲम्पिअर ओतते आणि पॅनलवरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. बोटीला आग लागली तर माणूस पळणार कुठे?

बॅटरीची पेटी लाकडाची, आतून फायबर मारलेली, पट्ट्याने घट्ट बांधलेली. तिच्या सर्वांत वरच्या भागातून पाइप काढून बाहेर नेला. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन हलका असतो, वर साठतो, आणि हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो. राखणदार तिथेच बसून बिडी ओढतात. या एका बाबतीत मी तडजोड केली नाही.

सचिवांशी खरा वाद झाला तो बिल्ज पंपावरून. त्यांना एकच खटका हवा होता : बोट काठाला लावली, खटका बंद, सगळं बंद. मला पंप खटक्याच्या आधी, थेट बॅटरीवर, फक्त स्वतःच्या फ्यूजमधून हवा होता, म्हणजे बोटीवर कोणी नसतानाही तो तरंगत्या स्विचवर चालेल. त्यांना भीती आगीची, मला बुडण्याची. दोन्ही भीती खऱ्या होत्या. शेवटी पंप थेट जोडला आणि तो चालला की काठावरून दिसेल असा लाल दिवा टपावर लावला. दिवा वारंवार लागला तर रात्री कोणीतरी येऊन पाहील, हे समितीने मान्य केलं.

निकाल

डाव्या सेल्फवर पुन्हा मोजलं. बॅटरीवर ११.२, सेल्फवर १०.८. रेसच्या केबलीवर क्लॅम्प मीटरने मोजण्यासारखं काही दाखवलं नाही. काकांनी केबल हातात धरून तीनदा सेल्फ मारायला लावला. मग काही न बोलता ती सोडून दिली.

एक गोष्ट अनपेक्षित सुधारली. डावा अल्टरनेटर 'मेला' आहे असं सगळे धरून चालले होते. तो धडधाकट होता. अल्टरनेटर आपल्या टोकाचं व्होल्टेज पाहून हात आखडतो. परतीच्या वाटेत व्होल्टेज अडत होतं, त्यामुळे त्याला बॅटरी भरल्यासारखी वाटायची आणि बॅटरी उपाशी राहायची. शिवाय दोन अल्टरनेटर एकाच बॅटरीवर असले की ज्याचा रेग्युलेटर थोडा वर लावलेला तोच काम करतो, दुसरा गप्प बसतो. नवा आणला असता तर तोही तसाच गप्प बसला असता.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये उजव्या शाफ्टच्या ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथल्या पाणी अडवणाऱ्या सांध्यातून, पाणी येऊ लागलं. बोट काठाला बांधलेली होती, आत कोणी नव्हतं. लाल दिवा शेजारच्या घरातल्या बाईंनी पाहिला आणि पोराला धाडलं. तोवर पंप तासनतास चालला होता, रात्रीची बॅटरी ११.९ वर आली होती. दोन्ही इंजिनं पहिल्या किल्लीला सुरू झाली आणि बोट उथळ पाण्यात नेता आली.

आता रोज सकाळी सेल्फ मारण्याआधी तिन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज वहीत लिहितात. ही वही काकांनी स्वतःहून सुरू केली.

काय वेगळं करता आलं असतं

ट्युब्युलर बॅटरी मी आधी मागे उजव्या बाजूला ठेवली, कारण तिथे वायर कमी लागत होती. पाण्याने भरलेली ती पन्नास किलोंच्या वर जाते. बोट चालताना उजवीकडे झुकली. फळ्या पुन्हा उचलून ती मध्यावर आणली, तेव्हा वायर नव्याने ओढावी लागली. जमिनीवरच्या वाहनात वजनाचा विचार मी कधी केला नव्हता. बोटीत जागा ठरवण्याआधी तेवढ्या वजनाचं रेतीचं पोतं त्या जागी ठेवून एक फेरी मारली असती तरी कळलं असतं.

रिले इंजिनाच्या खोलीत बसवला तेही चुकलं. पहिल्या उन्हाळ्यात तो मंद इंजिनावर सारखा लागत-सुटत राहिला. उतरलेली मोठी बॅटरी जोडली की व्होल्टेज १२.८ खाली, रिले सुटला की पुन्हा १३.३ वर, पुन्हा जोड. निम्मं कारण उष्णता, निम्मं अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची जुनी ६ चौ.मिमी वायर, जी पैसे वाचवायला मी ठेवली होती. ती १६ ची केली, रिले बाहेर सावलीत आणला, तेव्हा थांबलं.

सोलरच्या कंट्रोलरवर १४.४ व्होल्ट लावले होते. तो आकडा २५ अंशांचा आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे २० ते ३० मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. मे महिन्यात पेटीत ४५ अंश असताना १३.९ च्या आसपासच हवे होते. आम्ही महिनाभर जास्त देत राहिलो आणि डिस्टिल्ड पाणी भराभर आटलं. एका सेलच्या पट्ट्या उघड्या पडल्या होत्या, वेळेत दिसल्या. आता तापमानाची तार थेट बॅटरीच्या अंगाला चिकटवली आहे.

समुद्रातून आलेल्या बोटीच्या शाफ्टवर जस्ताचे तुकडे होते, शाफ्ट-पंख्याऐवजी स्वतः झिजणारे. गोड्या पाण्यात जस्तावर थर बसून ते काम सोडतं, तिथे मॅग्नेशियम लागतं. हे माझ्या कामात नव्हतं म्हणून मी बोललो नाही. बोलायला हवं होतं. पाण्यातल्या पंख्यावर खड्डे पडायला लागल्यावर ते तुकडे बदलले.

सगळ्यात जास्त विचार मी डाव्या अल्टरनेटरचा करतो. तो आज फक्त स्वतःची सेल्फची बॅटरी भरतो, आणि ती दहा-पंधरा मिनिटांत भरते. उरलेला वेळ त्याची ताकद वाया जाते. पावसाळ्यात सोलर देत नाही तेव्हा नेमकी तीच हवी असते. त्या वेळी दोन रिले घ्यायला पैसे नव्हते आणि मी फार ताणूनही धरलं नाही. वहीत गेल्या श्रावणातल्या बारा सकाळी रात्रीची बॅटरी १२.२ च्या खाली लिहिलेली आहे. तो कागद समितीपुढे ठेवला. एप्रिलमध्ये पाणी उतरून बोट काठावर ओढली की दुसरा रिले बसवायचा आहे. वायर आणून तोलून ठेवली आहे.